वसई ते निशिझाका: सव्वीस हुतात्म्यांच्या वाटेवर

वसईच्या किल्ल्यात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना संत गोन्सालो गार्सिया हे नाव नवं नाही. वडील पोर्तुगीज, आई इथली. जन्म १५५६-५७च्या सुमारास. शिक्षण किल्ल्यातल्या येशूसंघीयांकडे, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंकडे, मरण ५ फेब्रुवारी १५९७ला जपानच्या नागासाकीत, निशिझाका टेकडीवर, आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर आणि संतपद १८६२ साली. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे आमचं तोंडपाठ होतं. मात्र त्यांना का मारलं असं विचारलं की तिथला राजा क्रूर होता, एवढंच उत्तर मिळायचं. पुढे वाचत गेलो तसतसं कळलं की त्या क्रुसांच्या मागे एक फुटलेलं जहाज आहे, एक नकाशा आहे आणि दोन सत्तांनी एकमेकींना दिलेल्या धमक्या आहेत. ती जागा पाहायचीच, असं मी आणि बायकोनं बरीच वर्षं मनात धरलं होतं. या फेब्रुवारीत योग आला.

शुक्रवार: नागासाकी

मुंबईहून वाटेत विमान बदलून फुकुओका गाठलं. तिथल्या हाकाता स्टेशनवर रिले कामोमे ही गाडी पकडायची आणि ताकेओ-ओन्सेनला समोरच्याच फलाटावर उभ्या असलेल्या शिन्कान्सेनमध्ये बसायचं, की दीड-पावणेदोन तासांत नागासाकी. तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये चिंचोळी खाडी आणि डोंगरावर थेट माथ्यापर्यंत चढलेली घरं. पोर्तुगीजांना हे बंदर का आवडलं ते स्टेशनबाहेर पाऊल टाकताच समजतं.

संध्याकाळी चिनी वस्तीत कंदिलांचा उत्सव भरात होता. लाल-पिवळ्या उजेडात उभ्यानेच वाफाळता चांपोन खाल्ला. डुकराच्या हाडांच्या पांढऱ्या रश्शात जाड नूडल्स, कोबी, माकूळ आणि कोळंबी. शाकाहारी मंडळींनी हे लक्षात ठेवावं, की भाज्याच भाज्या दिसत असल्या तरी रस्सा मांसाचाच असतो. स्टेशनातल्या दुकानांत भाताचे ओनिगिरी मिळतात, पण पाकिटावरचा मजकूर फोनच्या भाषांतर ॲपने वाचून घ्यावा. गोडात मात्र कास्तेरा चुकवू नका. पोर्तुगीजांनी आणलेला हा केक चारशे वर्षांत पक्का जपानी झाला आहे. खाली साखरेचे दाणे तसेच राहतात आणि दाताखाली करकरतात.

आमच्या छोट्या हॉटेलच्या मालकीणबाई सत्तरीच्या. कशासाठी आलात, असं त्यांनी विचारलं. सव्वीसांतले एक आमच्या गावचे होते, असं सांगितल्यावर त्या काउंटरमागून बाहेर आल्या आणि आम्हा दोघांना कमरेत वाकून नमस्कार केला. त्या बौद्ध. शाळेत असताना निशिझाकाला चित्रं काढायला नेत, म्हणाल्या. त्या ओळीत एक भारतीय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शनिवार: सोनोगी आणि तोगित्सू

शेवटी जिथे पोचायचं तिथे आधीच जाण्यापेक्षा, ते ज्या वाटेने आले त्या वाटेचा थोडा तुकडा पाहावा, असं बायकोचं म्हणणं. ते अगदी बरोबर ठरलं. ओमुरा मार्गावरची गाडी खाडीला चिकटून जाते. चिवाता नावाच्या स्टेशनवर तर फलाटाखालीच पाणी. सकाळपासून बर्फाचे बारीक कण उडत होते. सोनोगीला उतरलो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

किनाऱ्याजवळ हुतात्म्यांना नावेत बसवलं त्या जागेचं साधंसं स्मारक आहे. समोर ओमुराची खाडी, तलावासारखी सपाट. ४ फेब्रुवारी १५९७ला इथे हात बांधलेली माणसं तीन नावांत चढवली. ती कुठून आली होती? थेट क्योतोहून, भर हिवाळ्यात, आठशेहून अधिक किलोमीटर, बहुतेक पायी. निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापली होती. हुकूम नाक-कान कापण्याचा होता. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने तो पाळीपुरता सौम्य केला. मग क्योतो, ओसाका, साकाई इथे धिंड काढली. निघाले चोवीस. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे त्यांच्यातच ओढले गेले आणि सव्वीस झाले.

ही वेळ का आली, ते इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलं सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत ऑक्टोबर १५९६मध्ये वादळात सापडून शिकोकू बेटावर उरादोजवळ फुटलं. माल प्रचंड किमतीचा. तिथला सरदार चोसोकाबे मोतोचिका याने तो अडवला आणि जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने चौकशीला माशिता नागामोरी याला पाठवलं. माल जातोय म्हटल्यावर जहाजाच्या सुकाणूधारकाने नकाशा उलगडला, स्पेनच्या राजाचे मुलूख दाखवले आणि असं काही बोलला म्हणतात, की आधी धर्मगुरू जातात, लोकांना बाटवतात आणि मग त्यांच्या मदतीने सैन्य देश घेतं. तो नेमकं काय बोलला, यावर येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन या दोन धर्मसंघांत तेव्हापासून वाद आहे. येशूसंघीयांनी स्पॅनिशांच्या तोंडाळपणाला दोष दिला, फ्रान्सिस्कनांनी पोर्तुगीजांच्या चहाड्यांना. पण कानावर गेलं ते गेलं. काही आठवड्यांत क्योतो-ओसाकात धरपकड सुरू झाली.

आता हिदेयोशीकडे पाहा. तो स्वतः काही कुणाच्या भीतीने दबलेला नव्हता. १५९२ साली त्याने कोरियावर लाखाहून अधिक सैन्य घातलं होतं आणि त्याच सुमारास फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरला, शरण या, नाहीतर स्वारी करीन, अशी पत्रं धाडली होती. त्या धमकीला उत्तर म्हणून १५९३ साली मनिलाहून फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता वकील, म्हणजे राजदूत, म्हणून आले. त्यांचा दुभाषा होता आपला गोन्सालो. पंधरा-सोळाव्या वर्षी तो येशूसंघीयांबरोबर जपानला आला होता, भाषा शिकला, पुढे व्यापार केला आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. कोरियावर निघालेल्या फौजांच्या तळावर, हिझेनमधल्या नागोया किल्ल्यात, हिदेयोशीचे शब्द त्याने स्पॅनिशमध्ये सांगितले आणि वकिलांचे जपानीत. दोन साम्राज्यं एकमेकांवर गुरगुरत होती आणि मध्ये उभा राहून बोलणारा माणूस वसईचा होता. हे कळलं त्या दिवसापासून मला तो मूर्तीतला संत कमी आणि आपल्यातला माणूस जास्त वाटू लागला.

थंडीने बोटं आखडली होती. स्टेशनच्या वाटेवर एका चहाच्या दुकानात शिरलो. सोनोगीचा हिरवा चहा जपानात नावाजलेला आहे. दुकानातल्या बाईंनी काही न विचारता दोन कप पुढे ठेवले आणि शेगडीजवळ खुर्च्या ओढल्या. पैसे घेईनात. शेवटी चहाची दोन पाकिटं विकत घेतली तेव्हा कुठे हसल्या.

तोगित्सूला रेल्वे नाही. नागासाकीला परत येऊन बसने गेलो. बंदराजवळच उतरल्या जागेची खूण आहे. ४ तारखेची रात्र त्यांनी या पाण्यात, नावेतच काढली. किनाऱ्यावर उतरू दिलं नाही, कारण नागासाकीत ख्रिस्ती पुष्कळ आणि दंगा होईल ही धास्ती. त्या नावांत तोमास कोझाकी हा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा होता. वाटेत मिहारा किल्ल्यात त्याने आईला पत्र लिहिलं, धाकट्या भावांना सांभाळ म्हणून. ते आईपर्यंत गेलंच नाही. बरोबरच मारल्या गेलेल्या त्याच्या वडिलांच्या अंगावर, रक्ताने माखलेलं ते सापडलं. बायको खूप वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चल, उद्या लवकर उठायचंय."

रविवार: निशिझाका

नागासाकी स्टेशनपासून निशिझाका पाच मिनिटांवर आहे, चढाचा रस्ता. ५ फेब्रुवारीच्या आसपासच्या रविवारी इथे उघड्यावर मोठा मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामुदायिक उपासना, होतो. येणाऱ्यांनी तारीख आधी पक्की करावी आणि अंगावर कपड्यांचे तीन थर तरी चढवावेत. त्या टेकडीवर वारा थेट खाडीतून येतो. बसायला पातळ गादी किंवा वर्तमानपत्रांचा गठ्ठा बरोबर ठेवा.

सव्वीस ब्राँझ मूर्ती एका लांब दगडी भिंतीवर ओळीने आहेत. शिल्पकार फुनाकोशी यासुताके, उभारणी १९६२ची, म्हणजे संतपदाच्या शताब्दीची. पाय जमिनीला टेकलेले नाहीत, पावलं खाली लोंबतात. बहुतेकांचे हात जोडलेले आणि तोंडं गाण्यासाठी उघडलेली. त्या ओळीत दोन-तीन मूर्ती एकदम बुटक्या दिसतात. ती मुलं. सर्वांत लहान लुईस इबाराकी, बारा वर्षांचा. धर्म सोडलास तर जीव वाचेल, असं शिक्षेवर देखरेख करणारा तेराझावा हानझाबुरो त्याला म्हणाला होता. त्याने नकार दिला. शेवटच्या क्षणी तोही, बाकीचेही स्तोत्र गात होते, असं पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे.

गोन्सालो ओळीच्या साधारण मध्यावर आहे. त्याच्यापाशीच आहे फेलिपे दे जेझुस, मेक्सिकोचा. हा तर सान फेलिपेवरचा प्रवासी होता, धर्मगुरुपदाची दीक्षा घ्यायला घरी निघालेला. ज्या जहाजाने हा घोळ झाला त्यातला सव्वीसांत असलेला तो एकटाच. नकाशा दाखवणारा सुकाणूधारक क्रुसावर गेला नाही. जहाजाचा कप्तान गेला नाही. गेले ते क्योतोत कुष्ठरोग्यांची रुग्णालयं चालवणारे, आणि सतरा जपानी गृहस्थ, ज्यांत सुतार होते, स्वयंपाकी होते. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त टोचलं ते हे. मोठेपणा मिरवला एकाने, आणि भाल्यांची टोकं लागली ती गावातच राहिलेल्यांना.

शिक्षेच्या फलकावर आरोप होता, की ही माणसं लुझोनहून, म्हणजे फिलिपाइन्सहून, वकील म्हणवून आली आणि बंदी असलेला धर्म शिकवत राहिली. सव्वीसांतला जपानी येशूसंघीय पाऊल मिकी क्रुसावरून त्यावरच बोलला. मी लुझोनहून आलेलो नाही, मी जन्माने जपानी आहे, माझा गुन्हा ख्रिस्ताचा धर्म सांगितला एवढाच. मृत्यू समोर असताना माणसाला सर्वांत आधी हे सांगावंसं वाटलं, की मी परका नव्हे. आजही कुठे कुणा अल्पसंख्याकांवर हल्ले झाले, की दूरची एखादी सत्ता त्यांच्या नावाने सैन्य पाठवण्याची भाषा करते. त्या भाषेने गर्जना करणाऱ्याचं काही बिघडत नाही. ज्यांच्या नावाने ती होते, त्यांना मात्र दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना पुन्हा सिद्ध करून द्यावं लागतं की आम्ही इथलेच.

मिस्सा सुरू असताना बर्फ थांबलं आणि ऊन पडलं. आमच्या शेजारी फिलिपाइन्सच्या चार-पाच तरुणी होत्या, वृद्धाश्रमात काम करणाऱ्या. मोडक्या इंग्रजीत गप्पा झाल्या. एक म्हणाली, गोन्सालो मनिलाहून आला म्हणजे आमचा. मी म्हटलं, बाई, तो आधी वसईचा. तिने तिच्या मैत्रिणींना बोलावून मला वसई कुठे ते फोनवर दाखवायला लावलं. किल्ल्यातल्या पडक्या चर्चचे फोटो पाहून त्या गप्पच झाल्या. छत नाही, भिंतीतून पिंपळ आलेले. मिस्सा संपल्यावर स्थानिक बायकांनी गरम चहा वाटला आणि आम्ही आशियाच्या तीन टोकांची माणसं एकाच ताटलीतला कास्तेरा खात उभे राहिलो.

मागेच संग्रहालय आहे, तिकीट ५०० येन. मिस्साच्या दिवशी गर्दी असते, म्हणून शक्य तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दार उघडताच जा. फ्रान्सिस झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला लिहिलेलं मूळ पत्र तिथे आहे. कानोन या बौद्ध देवतेच्या रूपात घडवलेल्या मरियेच्या मूर्ती आहेत, ख्रिस्ती धर्मावरच्या बंदीच्या काळात गुपचूप पुजलेल्या. मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो फुमिएपाशी. ख्रिस्ताची किंवा मरियेची ही धातूची पाटी. ख्रिस्ती नाही हे दाखवायला वर्षातून एकदा तिच्यावर पाय द्यावा लागे. पुढे आलेले भाग, म्हणजे चेहरा आणि गुडघे, इतके झिजलेत की नाक-डोळे उरलेले नाहीत. कडेची नक्षी मात्र अजून धारदार आहे, कारण तिथे कुणाचा पाय पडत नसे.

सोमवार: सुवा देवस्थान, देजिमा, ओउरा

हा दिवस मुद्दाम दुसरी बाजू पाहायला ठेवला होता. सुवा देवस्थानाच्या उंच दगडी पायऱ्या चढून गेलो. या भागाचा सरदार ओमुरा सुमितादा १५६३मध्ये ख्रिस्ती झाला आणि १५७०च्या दशकात त्याच्या मुलखातली देवळं आणि बौद्ध विहार जाळले गेले, लोकांना जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला गेला. १५८०मध्ये त्याने नागासाकी बंदरच येशूसंघीयांना देऊन टाकलं. सुवा देवस्थान त्या काळानंतर, १६२५ साली पुन्हा उभं राहिलं. वसईकराला यात नवल वाटू नये. निर्मळची देवळं पोर्तुगीजांनी पाडली आणि ती पुन्हा उभी राहिली ती १७३९नंतर, मराठ्यांच्या अमलात. आमच्या संताचं गाणं गाताना हे झाकून ठेवायचं, हे मला पटत नाही. येशूसंघीयांचे प्रमुख गास्पार कोएल्यो यांनी तर १५८७ला तोफा लावलेलं जहाज खुद्द हिदेयोशीला हाकाताला दाखवलं होतं. त्याच वर्षी हिदेयोशीने धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला. कोएल्यो यांनी त्यानंतर मनिलाकडे सैन्य मागितलं. त्यांच्याच वरिष्ठांनी त्यांना दोष दिला, पण संशयाचं बी पेरलं गेलं ते गेलंच.

देवस्थानातल्या पुजाऱ्यांना मी कुठून, कशासाठी आलो ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "इथे आलात, बरं केलंत. बहुतेक लोक एकतर तिकडे जातात, नाहीतर इकडे."

देजिमा पंख्याच्या आकाराचं बेट, १६३६ला पोर्तुगीजांना कोंडून ठेवायला बांधलेलं. आता भोवती शहर आहे. लवकर उरकलं. ट्राममध्ये कितीही लांब जा, भाडं एकच. दिवसभराचा पास घेतला तर सोयीचं पडतं.

ओउरा चर्च दुपारी पाहिलं. १८६४ साली फ्रेंच धर्मगुरूंनी बांधलं, सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने आणि निशिझाकाकडे तोंड करून. आत फोटो काढायला मनाई आहे. १७ मार्च १८६५ला उराकामीच्या शेतकऱ्यांचा एक गट इथे शिरला आणि फादर पेतिजाँ यांना एका बाईने हळूच सांगितलं, की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? अडीचशे वर्षं धर्मगुरू नाही, चर्च नाही, आणि प्रार्थना तोंडोतोंडी टिकलेल्या. ती मूर्ती अजून तिथेच आहे. बायकोने तिच्यासमोर आमच्या बोलीत नमो मरिया ही प्रार्थना म्हटली, अगदी पुटपुटत.

मंगळवार-बुधवार: शिमाबारा, हारा किल्ला, उन्झेन

इसाहायाहून पिवळ्या रंगाच्या छोट्या डिझेल गाडीने शिमाबारा. गावभर झऱ्यांचं पाणी वाहतं, गटारांच्या जागी मासे पोहणारे पाट. जेवणात गुझोनी घेतलं. भाताचे मोची, कोंबडी, मुळे, कमळकंद, मासळीच्या वड्या असं सगळं एका मातीच्या भांड्यात. १६३७च्या बंडात वेढ्यातल्या लोकांनी मिळेल ते एकत्र शिजवलं त्यातून हा पदार्थ आला, असं इथले लोक सांगतात. थंडीत याहून चांगलं जेवण मला आठवत नाही.

हारा किल्ला तिथून बसने तासाभरावर. बस मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधी टिपून घ्या. वर आडोसा नाही, खायला-प्यायलाही काही मिळत नाही. समुद्रावर पुढे आलेली सपाट टेकडी, गवत आणि भाजीचे मळे. इथे १६३७-३८च्या हिवाळ्यात कराच्या ओझ्याने आणि छळाने पिचलेले शेतकरी बायकामुलांसह आमाकुसा शिरो या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाभोवती जमले. परंपरेने सांगतात तो आकडा सुमारे ३७,००० आणि किल्ला पडल्यावर बहुतेक सगळे कापले गेले. छळ करणारे सरदार मात्सुकुरा. बाप शिगेमासा शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाला, लुझोनवर स्वारी करू म्हणून गळ घालत होता, तिकडे हेरगिरीला जहाजं पाठवली होती. मुलगा कात्सुइए याला बंड मोडल्यावर कुशासनाबद्दल शिरच्छेदाची शिक्षा झाली.

आतल्या लोकांना पोर्तुगीज जहाजं मदतीला येतील अशी आशा होती, असं अभ्यासक म्हणतात. जहाज आलं, पण ते डचांचं, आणि शोगुनच्या सांगण्यावरून त्याने समुद्रातून किल्ल्यावरच तोफा डागल्या. तटावर उभं राहून मी पाण्याकडे पाहिलं तेव्हा पलीकडे आमाकुसाची बेटं स्पष्ट दिसत होती. वाट पाहणाऱ्यांना जहाजाचं शीड किती लांबून दिसलं असेल!

उत्खननात इथे शिशाचे क्रूस सापडले, बंदुकीच्या गोळ्या वितळवून केलेले. जवळच्या संग्रहालयात ते पाहिले. नखाएवढे, ओबडधोबड, काहींचे हात तिरके. अंगावर आलेल्या गोळीचा क्रूस करायचा म्हणजे आधी ती मातीतून वेचायची, चुलीवर वितळवायची आणि साच्यात ओतायची. वेढ्यात, उपाशीपोटी. बाहेर आल्यावर वाटेत जिझो या बौद्ध देवतेची एक मूर्ती लागते. अठराव्या शतकात एका बौद्ध भिक्षूने या माळावर विखुरलेली हाडं गोळा केली, दोन्ही बाजूंची, आणि एकत्र पुरून वर ती बसवली. तिथे कुणीतरी ताजी संत्री ठेवली होती. आम्हीही हात जोडले.

या बंडानंतर १६३९ला पोर्तुगीजांना कायमचं हाकललं. १६४०ला मकावहून व्यापार पुन्हा सुरू करा अशी विनंती घेऊन निःशस्त्र वकील आले, तर त्यांच्यातल्या ६१ जणांची नागासाकीत डोकी उडवली आणि १३ जणांना ही बातमी सांगायला परत पाठवलं. कालपर्यंत ज्यांच्या तोफांचा धाक होता, त्यांच्याकडून कुणी सूड घ्यायला आलं नाही.

रात्री उन्झेनला राहिलो. गंधकाचा वास नाकात बसतो आणि कपड्यांनाही दोन दिवस येतो, म्हणून एक जुना जोड वेगळा ठेवा. जिगोकू म्हणतात त्या उकळत्या झऱ्यांवर १६२७ ते १६३२ या काळात ख्रिस्ती लोकांच्या अंगावर हे पाणी ओतत, धर्म सोडेपर्यंत. तिथे क्रूस उभा आहे. त्याच वाफेवर उकडलेली अंडी विकणारे आजोबा थोडे पुढे बसतात. अंडी खावीत की नाही असं मनात आलं. आजोबांनीच क्रुसाकडे बोट दाखवून मान लववली आणि मग अंड्यावर मीठ भुरभुरून हातात दिलं.

गुरुवार: उराकामी

१८६५ला ओळख सांगितलेल्या त्या शेतकऱ्यांचं गाव हे. कायदा अजून बंदीचाच होता. १८६७पासून धरपकड झाली आणि सुमारे ३,४०० जणांना देशभर हद्दपार केलं. सहाशेहून अधिक तिकडेच मेले. पाश्चात्त्य देशांनी जपानी शिष्टमंडळाला जाब विचारल्यावर १८७३ला बंदीचे फलक उतरले. परत आलेल्यांनी, जिथे फुमिए तुडवावी लागे ती मुखियाची जमीन विकत घेऊन चर्च उभारलं. ९ ऑगस्ट १९४५ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी त्याच वस्तीवर अणुबॉम्ब पडला. तिथल्या चर्चच्या धर्मग्रामातल्या १२,००० भाविकांपैकी ८,५०० गेले. आताची इमारत १९५९ची. ढासळलेल्या मनोऱ्याचा एक तुकडा खालच्या ओढ्याकाठी आहे तसाच ठेवलाय. बॉम्बमध्ये फुटलेल्या एका घंटेच्या जागी अमेरिकेतल्या कॅथलिकांनी दिलेली नवी घंटा २०२५च्या ९ ऑगस्टला वाजली.

चर्चच्या आवारात एक वयस्कर गृहस्थ पानं झाडत होते. त्यांच्या पणजीने हद्दपारीत आपलं तान्हं मूल गमावलं होतं. आमच्याबद्दल सगळं ऐकून घेतलं आणि फोनवर भाषांतर करत एकच गोष्ट विचारली: पोर्तुगीज गेल्यावर वसईच्या ख्रिस्ती लोकांचं काय झालं? मी सांगितलं, ते गेले नाहीत. केळी लावत राहिले, मासे धरत राहिले, मराठी बोलत राहिले आणि आजही आहेत. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, ते वाक्य फोनवर पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाले, "आमचंही तसंच. जहाजं नव्हती तेव्हाही आम्ही होतो."

दुपारच्या कामोमेने हाकाता गाठलं. कुणाला जायचं असेल तर सुचवतो: आधी सोनोगी-तोगित्सू, मग निशिझाका आणि उराकामी शेवटी ठेवा. शिमाबाराला एक रात्र द्याच, एका दिवसात हारा आणि उन्झेन दोन्ही होत नाहीत. आणि निघण्याआधी एकदा वसईच्या किल्ल्यात जाऊन या. त्या टेकडीवर कुणी विचारलंच, तर दाखवायला फोटो जवळ हवेत.